आधी समुद्राला विचारा, मग फुकेटला जा

फुकेटची सहल आखताना आपण विमानाची तिकिटं बघतो, हॉटेलचे दर बघतो, समुद्र मात्र बघत नाही. तो सगळ्यात आधी बघायला हवा. हे बेट अंदमान समुद्रात आहे आणि मेपासून ऑक्टोबरपर्यंत तिथे कोसळतो तो आपलाच नैर्ऋत्य मोसमी पाऊस. ज्या दिवसांत कोकणातल्या होड्या किनाऱ्यावर शाकारून ठेवलेल्या असतात आणि नारळी पौर्णिमेची वाट बघत असतात, नेमकी त्याच दिवसांत तिथली हॉटेलं स्वस्त होतात आणि आपण बेटांची सफर विकत घेतो.

आम्ही घरची मंडळी जुलैत गेलो होतो. रस्त्यावर टूर विकणाऱ्या एकाला समुद्र कसा आहे म्हणून विचारलं, तर "शांत आहे, रोज बोटी जातात" असं उत्तर आलं. सकाळी स्पीडबोटीवरच्या पोऱ्याने आम्हाला अगदी नाळेजवळच्या मोकळ्या जागेत बसवलं, फोटो छान येतात म्हणून. फी फी बेटांपर्यंत जाताना काही वाटलं नाही. दुपारी परतताना वारा वाढला. नाळ लाटेवर चढायची आणि पाण्यावर दाणकन आपटायची, पुन्हा चढायची, पुन्हा आपटायची. "अगं, मला मागे ने, पाठीत कळ आली," असं वन्सं म्हणाल्या, पण त्या हलत्या बोटीत उठून उभं राहणंच शक्य नव्हतं. रात्री एक्स-रे काढला. कमरेचा एक मणका दबला होता. पुढे कितीतरी महिने त्या पट्टा बांधून वावरत होत्या.

म्हणून सांगते, स्पीडबोटीत बसायचंच असेल तर मागे, इंजिनाच्या बाजूला बसा. तिथे आपटणं बरंच कमी असतं. पाठीचं दुखणं असेल, हाडं ठिसूळ असतील किंवा दिवस गेलेले असतील, तर स्पीडबोट नकोच. फी फीला मोठी फेरीबोट जाते. तिला वेळ जास्त लागतो, पण शरीर शाबूत राहतं. अर्थात मोठी बोट म्हणजे अभय नव्हे. ५ जुलै २०१८ रोजी फिनिक्स नावाची पर्यटकांची बोट फुकेटजवळ वादळी समुद्रात उलटली आणि ४७ चिनी पर्यटक मेले. हवामानाचा इशारा आधीच दिलेला होता. तेव्हा सकाळी उठून थायलंडच्या हवामान खात्याचा अंदाज स्वतः वाचा, आणि हवा बिघडली म्हणून आपण जायचं नाही ठरवलं तर पैसे परत मिळतील का, हे पैसे देण्याआधी विचारा. ज्याला या प्रश्नाचा राग येतो, त्याच्या बोटीत बसू नका.

कुठलं बेट कधी बंद असतं, तेही माहीत हवं. 'द बीच' या सिनेमामुळे जगभर गाजलेली माया बे गर्दीने इतकी पोखरली गेली, की २०१८ मध्ये ती बंद करावी लागली. २०२२ च्या जानेवारीत ती उघडली, पण पोहायला बंदी आहे आणि ऑगस्ट-सप्टेंबरात ती दरवर्षी बंदच असते. त्या महिन्यांत कुणी माया बे दाखवतो म्हणाला, तर ती लांबून, बोटीतूनच दिसेल. सिमिलान बेटं मेच्या मध्यापासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत बंद असतात. राष्ट्रीय उद्यानाची फी टूरच्या पैशांत धरली आहे का, हेही विचारून घ्या. परदेशी माणसाला ती चांगलीच पडते.

पावसाळ्यात बोटीने जायचंच असेल तर फांग न्गाच्या उपसागरात जा, असं मी आवर्जून सांगेन. बेट आणि मुख्य भूमी यांच्या कुशीत असल्याने तिथलं पाणी पश्चिम किनाऱ्यापेक्षा पुष्कळ निवांत असतं. पाण्यातून सरळ वर आलेले चुनखडीचे कडे, खांबांवर उभं असलेलं पान्यी हे मुस्लिम कोळ्यांचं गाव, आणि भरती-ओहोटीची वेळ साधून कायाकमधून आत शिरायच्या गुहा. पाऊस पडत असताना ते कडे अधिकच देखणे दिसतात.

करोन, काता, नाय हार्न या पश्चिमेच्या किनाऱ्यांवर लाल झेंडा लागलेला असेल तर गुडघाभर पाण्यातसुद्धा जाऊ नका. आपल्या लोकांना पोहायचं नसतं, नुसतं उभं राहायचं असतं, आणि पायाखालची वाळू सरकून ओढ आत नेते ती अशाच उभ्या माणसाला. ओढीत सापडलात तर किनाऱ्याकडे झुंजू नका, तरंगत राहा, हात वर करा, जमलं तर किनाऱ्याला समांतर सरका.

पाऊस लागून राहिला तर फुकेटचं जुनं गाव आहे. कथिलाच्या खाणींवर श्रीमंत झालेल्या चिनी व्यापाऱ्यांनी बांधलेल्या या पेठा. थलांग रस्त्यावर दुकानांपुढे कमानींच्या पडव्या आहेत, त्यांतून फारसं न भिजता हिंडता येतं. वाट चलोंगला खांदे आणि गुडघे झाकून जा. तिथे नवस फेडायला विटांच्या भट्टीत फटाक्यांच्या माळा लावतात, लहान मुलं दचकतात. नाक्कर्ड डोंगरावरची ४५ मीटर उंचीची बुद्धमूर्ती बघायला निघण्यापूर्वी ती खुली आहे का, याची खात्री करा. ऑगस्ट २०२४ मध्ये त्याच डोंगराच्या उतारावर दरड कोसळून १३ माणसं गेली.

अशा घाटवाटांवर भाड्याची स्कूटर नको. दुचाकीचा परवाना आणि आंतरराष्ट्रीय परमिट नसेल, तर अपघातानंतर विमा कंपनी हात वर करते. जेट स्की घेतलीत तर आधी तिचा चारी बाजूंनी व्हिडिओ काढा आणि पासपोर्ट कुणाकडे ठेवू नका, कारण जुन्या ओरखड्यांची भरपाई नव्या गिऱ्हाइकाकडून उकळण्याचा धंदा तिथे चालतो. तंटा झालाच तर पर्यटक पोलिसांना ११५५ वर फोन करा. हत्तीवर बसवणाऱ्या ठिकाणी जाऊ नका. त्याला माणसाळवताना जे हाल करतात, ते कळल्यावर त्या पाठीवर बसवत नाही.

आणि सुट्टी जुलै-ऑगस्टातच मिळत असेल, तर फुकेटऐवजी कोह सामुई बघा. ते थायलंडच्या आखातात, पूर्वेच्या बाजूला आहे आणि त्याचा मोठा पाऊस ऑक्टोबर ते डिसेंबरमध्ये पडतो. दिवाळीला निघणाऱ्यांनी उलट करावं. नोव्हेंबरात दिवाळी असेल तर फुकेट उघडत आलेलं असतं आणि सामुईला छत्री लागते. दिवाळी ऑक्टोबरात आली तर बेत नाताळापर्यंत पुढे ढकलून फुकेट गाठावं.