फुलझाडे पिवळी पडली? आधी कोणते पान ते पाहा

जिंतूर तालुक्यातील चारठाणा हे गाव जुन्या मंदिरांसाठी प्रसिद्ध आहे. आज मात्र आम्ही तेथील मातीविषयी लिहीत आहोत. विहिरीच्या पाण्यावर चार-पाच गुंठे गुलाब, मोगरा किंवा गलांडा लावला, तर जिंतूर-परभणीच्या बाजारात रोजचा पैसा हाती येतो. लग्नसराईत सेहऱ्याला आणि फेब्रुवारीत परभणीला हजरत तुराबुल हक यांच्या उरुसात चादरीला गुलाब लागतो. नेमक्या त्याच वेळी झाड पिवळे पडून कळी बारीक राहिली, तर वर्षाची मेहनत वाया जाते.

आपल्याकडे पान पिवळे दिसले की युरिया टाकतात. आम्हीही एका वर्षी दुकानदाराच्या सल्ल्याने गुलाबाला दोनदा युरिया दिला. फांद्या लांबल्या, पण शेंड्याची पाने आणखी पांढुरकी झाली. चूक दुकानदाराची जेवढी, तेवढीच आमचीही. आम्ही झाड नीट पाहिलेच नव्हते.

पिवळेपणा कोठून सुरू झाला, हे आधी पाहावे. खालची जुनी पाने सबंध पिवळी होऊन गळत असतील, वाढ खुंटली असेल, तर नत्र कमी आहे; तेथे युरिया योग्य. जुन्या पानांच्या कडा करपल्या तर पालाश कमी. जुन्याच पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा असेल, तर मॅग्नेशियम कमी. पण शेंड्याची कोवळी पाने पिवळी आणि त्यांच्या शिरा तेवढ्या हिरव्या, असे दिसले तर ती लोहाची कमतरता समजावी. कोवळी पाने बारीक राहून पेरे आखूड झाले, तर जस्ताचा संशय घ्यावा. लोक या सर्वांना सरसकट ‘केवडा’ म्हणतात. काही पिकांत रोगालाही तेच नाव आहे, त्यामुळे घोटाळा वाढतो.

आपल्या काळ्या जमिनीत बऱ्याच ठिकाणी चुनखडी असते. मातीत लोह भरपूर असते, पण चुन्यामुळे ते मुळांना मिळत नाही. पाणी साचले किंवा डीएपी जास्त झाले, तर त्रास वाढतो. कोरड्या मातीच्या ढेकळावर लिंबू पिळून पाहा. फेस आला तर चुना आहे.

औषध आणण्यापूर्वी एक स्वस्त परीक्षा करावी. एक लिटर पाण्यात पाच ग्रॅम हिराकस विरघळवून एकाच फांदीची पिवळी पाने त्यात बुडवावीत व फांदीला दोरा बांधावा. आठ-दहा दिवसांत तीच पाने हिरवी झाली, तर निदान पक्के. मग पंधरा लिटरच्या पंपाला ७५ ग्रॅम हिराकस आणि त्याच्या निम्मी चुन्याची निवळी घालून, गाळून, सायंकाळी फवारावे. दहा-बारा दिवसांनी पुन्हा एकदा. हिराकस हिरवट खड्यांचे घ्यावे. तांबूस पडलेले कामाचे नाही. बादली प्लास्टिकची असावी. कळीला रंग येण्यापूर्वीच फवारणी उरकावी, नाहीतर पाकळ्यांवर डाग पडतात आणि फुलारी माल बाजूला काढतो.

हिराकस नुसते मातीत टाकू नये, चुना त्याला लगेच अडकवतो. एकरी दहा किलो हिराकस शंभर किलो ओलसर शेणखतात मिसळून दोन आठवडे मुरवावे आणि झाडांच्या बुडाशी द्यावे. तयार चिलेटेड लोह जमिनीतून द्यायचे असेल, तर डब्यावर ‘ईडीडीएचए’ लिहिलेले पाहावे. ‘ईडीटीए’ चुनखडीत टिकत नाही, ते फवारणीला चालते.

माती तपासायची असेल, तर शेतात आठ-दहा ठिकाणी वीतभर खोल खड्डे घेऊन माती एकत्र करावी आणि त्यातील अर्धा किलो परभणीला न्यावी. उकिरड्याजवळची, झाडाखालची किंवा नुकतेच खत टाकलेल्या जागेची माती त्यात घेऊ नये.