पाणबुड्याचा व्यवसाय

आमच्या पोखर्णीकरांना समुद्र भेटतो तो भूगोलाच्या पुस्तकात. तरीही पाणबुड्याचा व्यवसाय आपल्याला परका समजू नये. मालवणजवळ तारकर्लीला महाराष्ट्र पर्यटन विकास महामंडळाने स्कूबा डायव्हिंगची प्रशिक्षण संस्था काढली आहे. १९६६ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या 'पॅडी' संघटनेचे प्रमाणपत्र मालदीव, थायलंड, इजिप्त येथेही चालते.

गावच्या विहिरीत आपण दम धरण्याच्या पैजा लावतो. स्कूबात नेमके तेच वर्ज्य! दहा मीटर खाली दाब पृष्ठभागाच्या दुप्पट होतो. तेथे टाकीतून छातीत घेतलेली हवा दम कोंडून वर आणली, तर दाब उतरताच ती दुप्पट फुगू पाहते आणि फुप्फुस फाटू शकते. विहिरीत हा धोका नाही, कारण तेथे आपण वरचीच हवा घेऊन बुडी मारतो. वर येणेही सावकाश हवे. नाहीतर रक्तात विरघळलेल्या नायट्रोजनचे बुडबुडे होतात.

रोजगाराची पहिली पायरी 'डाइव्हमास्टर'. त्यासाठी वय १८ पूर्ण आणि ६० बुड्यांची नोंद लागते, 'इन्स्ट्रक्टर'साठी १००. शिवाय परदेशात इंग्रजी बोलावे लागते. आमच्यासारख्यांची खरी खोली तेथेच आहे! खर्च आधी, पगार नंतर, हा हिशेबही शेतकऱ्याच्या घरी अवघड. वडील विचारतात, "पोटासाठी बुडायचं कशाला?" मी त्यांना सांगितले आहे, बी.ए. झाले की तारकर्लीचा पहिलाच अभ्यासक्रम करीन. त्यात १८ मीटरपर्यंतच उतरता येते.