हिशेब मागणाऱ्याचा हिशेब

चि. सायली,


निवडणुकीच्या तिकिटाबद्दल विचारलंस. 'घे' किंवा 'नको' असं एका शब्दात भागण्यासारखं असतं तर फोनवरच सांगितलं असतं. तुझ्या आईला वाटतं, मोर्चे आणि कोर्टाच्या खेपा सोडून तू एकदाची मार्गाला लागशील. संघटनेतल्या तुझ्या सोबत्यांना वाटतं, तू गेलीस म्हणजे हातची गेलीस. मला दोन्ही पटत नाही. का पटत नाही, ते सांगायला एका कोरियन माणसाचा आधार घेते. किम गुन-ते. तिकडे आडनाव आधी लावतात, तेव्हा किम हे आडनाव.

जन्म 1947चा, सोलजवळच्या बुचॉनचा. सोल राष्ट्रीय विद्यापीठात अर्थशास्त्र शिकायला गेले आणि लष्करी राजवटीविरुद्धच्या विद्यार्थी आंदोलनात पडले. 1971 मध्ये पोलिसांच्या यादीत नाव चढलं. सत्तरचं दशक बरंचसं लपूनछपून, कारखान्यांत कामं करत गेलं. पत्नी इन जे-गुन याही कामगार चळवळीतल्याच. 1983 साली, चुन दू-ह्वान यांची हुकूमशाही ऐन भरात असताना, किम यांनी लोकशाहीवादी तरुणांची संघटना उघडपणे काढली आणि स्वतः अध्यक्ष झाले. संघटनेचं चिन्ह काय, तर भेकूड! तिथली समजूत अशी की सापाने गिळलेली मादी मरते, पण तिची पिल्लं सापाच्या पोटातच वाढतात आणि त्याला संपवतात. आपलं काय होणार आहे हे या लोकांना पक्कं ठाऊक होतं.

तसंच झालं. सप्टेंबर 1985 मध्ये त्यांना सोलच्या नामयोंग-दोंग भागातल्या पोलिसांच्या चौकशी केंद्रात नेलं. ही इमारत किम सू-गुन या नामांकित वास्तुविशारदाने आखलेली. सोलचं ऑलिंपिक स्टेडियमही त्यांचंच. पाचव्या मजल्यावरच्या खिडक्या हातभरही रुंद नाहीत. वर जायला गोल जिना, म्हणजे डोळे बांधलेल्या माणसाला आपण कितव्या मजल्यावर आहोत ते कळू नये. तिथे वीसेक दिवस किम यांना फळीला बांधून पाण्याने आणि विजेने त्यांचे हाल केले. किंकाळ्या बाहेर जाऊ नयेत म्हणून रेडिओ मोठ्याने लावलेला. आणि हे करणारे लोक काम चालू असताना आपसांत बोलत होते ते मुलाच्या शाळेतल्या परीक्षेबद्दल, लग्न होऊन गेलेल्या मुलीच्या संसाराबद्दल.

हे सगळं आपल्याला कळलं ते किम यांनी लक्षात ठेवलं म्हणून. कोणत्या तारखेला काय झालं, किती वेळा, किती वेळ, हे त्यांनी डोक्यात नोंदवून ठेवलं. महिनाअखेर सरकारी वकिलांच्या कचेरीत नेताना लिफ्टपाशी पत्नीची गाठ पडली. मिळालेल्या त्या मिनिटभरात त्यांनी रडगाणं गायलं नाही. टाचांच्या जखमा दाखवल्या आणि काय काय झालं ते भराभर सांगितलं. तिने ते मनात धरलं आणि जगापुढे मांडलं. टाचांवरच्या खपल्याही त्यांनी पुरावा म्हणून जपल्या होत्या. तुरुंगाच्या लोकांनी त्या हिसकावून घेतल्या. तरी डिसेंबरमध्ये कोर्टात उभे राहून त्यांनी तारीखवार सगळं सांगितलं. शिक्षा व्हायची ती झालीच. पण 1987 मध्ये पती-पत्नी दोघांना रॉबर्ट केनेडी मानवाधिकार पुरस्कार मिळाला. त्याच वर्षी जानेवारीत, त्याच इमारतीत पाक जोंग-चोल हा विद्यार्थी मेला आणि 'टेबलावर हात आपटला तर पोरगा गतप्राण झाला' असा खुलासा पोलिसांनी केला, तेव्हा लोकांना तो खोटा आहे हे वेगळं सांगावं लागलं नाही. जूनमध्ये रस्ते माणसांनी भरले आणि राष्ट्राध्यक्ष थेट मतदानाने निवडायचं सरकारला कबूल करावं लागलं.

सायली, यातलं तुझ्या कामाचं एवढंच: अन्यायाबद्दल बोलताना विशेषणं कमी आणि तारखा जास्त. हे तुला येतं. वॉर्डातल्या पाण्याचं प्रकरण तू असंच जिंकलंस. अवघड भाग पुढे आहे.

किम 1988 मध्ये सुटले, 1990 मध्ये पुन्हा आत गेले, 1992 मध्ये बाहेर आले. आणि 1995 साली लोकशाहीवादी पुढारी किम दे-जुंग यांच्या पक्षात गेले. तेव्हाही सोबत्यांनी नाकं मुरडलीच. पण 1987 च्या निवडणुकीत काय झालं ते किम गुन-ते तुरुंगातून पाहून बसले होते. लोकशाहीवाद्यांचे दोन पुढारी एकमेकांविरुद्ध उभे राहिले, दोघांची मिळून निम्म्याहून जास्त मतं झाली, आणि 36 टक्क्यांवर जिंकला तो हुकूमशहाचा माणूस, रोह ते-वू. रस्त्यावर मिळवलेलं मतपेटीत घालवता येतं, हा तो धडा. म्हणून पक्षात जाणं म्हणजे बाटणं, असं तुझ्या मित्रमंडळींनी म्हटलं तर मनाला लावून घेऊ नकोस. 1996 मध्ये सोलच्या दोबोंग मतदारसंघातून ते संसदेत गेले आणि तीनदा निवडून आले.

आता खरा मुद्दा. 2002 मध्ये त्यांच्याच सत्ताधारी पक्षाने राष्ट्राध्यक्षपदाचा उमेदवार निवडायला लोकांनाही मताचा हक्क दिला. किम उभे राहिले. मतदान तोंडावर आलेलं असताना त्यांनी पत्रकार बोलावून सांगितलं की दोन वर्षांपूर्वी पक्षांतर्गत निवडणुकीत आपण जो पैसा घेतला आणि खर्चला, त्यातल्या 20 कोटी वॉनहून जास्त रकमेचा रीतसर हिशेब दिलेला नाही. सगळेच असं करतात आणि हे थांबलं पाहिजे, हा त्यामागचा विचार. बाकीचे उमेदवार आपापल्या वह्या उघडतील अशी कुणाला आशा असलीच तर ती फोल ठरली. पहिल्या दोन ठिकाणच्या मतदानात किम तळाला राहिले, त्यांनी माघार घेतली, आणि खटला भरला गेला तो कबुली देणाऱ्यावरच.

याला भाबडेपणा म्हणणारे तेव्हाही होते. मला मात्र यात 1985 च्या कोर्टातलाच माणूस दिसतो. दुसऱ्याचा गुन्हा ज्या नेमकेपणाने सांगितला, त्याच नेमकेपणाने स्वतःचा सांगितला. पहिल्याबद्दल पुरस्कार मिळाला, दुसऱ्याबद्दल समन्स. तुझ्याही वाट्याला हेच येईल. पालिकेचा घोटाळा उघड केलास तर टाळ्या पडतील. स्वतःच्या पक्षाचा केलास तर चहाच्या टपरीवरसुद्धा कुणी शेजारी बसणार नाही.

मंत्रिपदाचंही तसंच. 2004 मध्ये राष्ट्राध्यक्ष रोह मू-ह्युन यांनी त्यांना आरोग्य आणि कल्याण खातं दिलं. किम यांना हवं होतं दोन्ही कोरियांच्या एकीकरणाचं. पण मिळालेलं खातं त्यांनी मनापासून घेतलं. अर्थव्यवस्थेला जोर द्यायला निवृत्तिवेतन निधीचा पैसा वापरायचं सरकारात घाटू लागलं, तेव्हा या मंत्र्याने जाहीरपणे विरोध केला: हा लोकांच्या म्हातारपणाचा पैसा आहे. राष्ट्राध्यक्ष नाराज झाले. किम यांना 'आमचा माणूस' म्हणवून घेण्यात कमीपणा नव्हता, पण 'हो' म्हणण्यासाठी आपल्याला बसवलेलं नाही हे ते विसरले नाहीत. 2007 मध्ये अमेरिकेशी होणाऱ्या व्यापार कराराविरुद्ध त्यांनी संसदेत उपोषण केलं, तेही त्यांच्याच बाजूच्या सरकारविरुद्ध.

आणि मतदार? 2008 मध्ये दोबोंगकरांनी त्यांना पाडलं. लोकांना घरांच्या किमती आणि नव्या वसाहती हव्या होत्या, तुरुंगाच्या आठवणी नकोत. यात मी लोकांना दोष देत नाही, तूही देऊ नकोस. लाठी खाल्ली, रात्री कोठडीत काढल्या, याचं व्याज मतांत मिळत नसतं. ज्या दिवशी भाषणाची सुरुवात 'मी तुमच्यासाठी काय काय सोसलं' अशी होईल, त्या दिवशी घरी ये.

शरीराचं मात्र ऐक. छळाचं देणं किम यांना जन्मभर फेडावं लागलं. सप्टेंबर आला की अंग दुखायला लागे, दंतवैद्याच्या खुर्चीत बसायची धास्ती वाटे. पुढे पार्किन्सन्स जडला आणि 30 डिसेंबर 2011 रोजी, 64 व्या वर्षी ते गेले. छळ करणारा अधिकारी ली गुन-आन दहा-अकरा वर्षं फरार राहून अखेर शरण आला होता. 2005 मध्ये, मंत्री असताना, किम त्याला तुरुंगात भेटायला गेले. त्याने माफी मागितली. पण तो पश्चात्ताप खरा की दाखवायचा, हा प्रश्न मनातून गेला नाही, हेही किम यांनी लपवलं नाही. म्हणून सांगते, कुणी 'झालं गेलं विसरा' म्हणून फोटोसाठी गळाभेट घ्यायला लावलं, तर मन तयार नसेल तिथे 'अजून नाही' म्हणायचा तुला हक्क आहे.

ते गेल्यावर 2012 मध्ये इन जे-गुन त्याच दोबोंगमधून निवडून आल्या. 2014 मध्ये कोर्टाने जुन्या खटल्यातून किम यांना निर्दोष ठरवलं. ते ऐकायला ते नव्हते.

तेव्हा माझं म्हणणं असं: जा, पण तीन गोष्टी लिहून घे. पक्षाला आजच कागदावर कळव की कोणत्या प्रश्नांवर तू पक्षाचा आदेश मानणार नाहीस. नंतर रुसवेफुगवे नकोत. निवडणूक खर्चाचा रोजचा हिशेब उमेदवाराला ठेवावाच लागतो. तो वकिलाला सोयीचा नको, खरा ठेव, आणि चहाचे पैसे दुसऱ्याने दिले तरी त्याच दिवशी टिपून ठेव. तिसरं, संघटनेत तुझ्या जागी कोण बसणार ते अर्ज भरण्याआधी ठरव, म्हणजे उद्या तुझ्यावरच मोर्चा आणायला कुणीतरी शिल्लक राहील. यातलं एकही जमणार नसेल तर तिकीट परत कर, त्यात लाज नाही.

जमत असेल तर कळव. पत्रकं वाटायला मी येईन. भाषण करायला सांगू नकोस.

तुझी,
आत्या