काळ्या शाईत दडलेले रंग

चाकण परिसरात कारखाने आले आणि त्यांच्यामागून घरोघरी करारनामे, पावत्या, खरेदीखते यांच्या पिशव्या आल्या. अशा कागदावर कोणी मागाहून एक शून्य वाढवले आणि दोन्ही ठिकाणची शाई डोळ्यांना सारखीच काळी दिसली, तर ओळखायचे कसे? ज्या तत्त्वावर ते ओळखता येते, ते आपण घरीच पाहू.

टीपकागदाची 2 सेंटिमीटर रुंद पट्टी कापावी. खालच्या टोकापासून 2 सेंटिमीटरवर पेन्सिलीने रेघ ओढावी. पेनने ओढल्यास तीही रेघ पाण्याबरोबर धावू लागते. रेघेवर काळ्या स्केचपेनचा लहान ठिपका द्यावा. तो वाळल्यावर त्याच जागी आणखी दोनदा द्यावा. पेल्यात 1 सेंटिमीटर पाणी घेऊन पट्टी आडव्या पेन्सिलीवरून लटकवावी. टोक बुडावे, ठिपका मात्र पाण्याच्या वर राहावा. तो बुडाला तर रंग पेल्यात उतरतो आणि सारा खटाटोप वाया जातो. टीपकागद नसेल तर खडूभोवती शाईचे कडे काढून तो बशीतील पाण्यात उभा करावा.

केशाकर्षणाने पाणी वर चढते. पाण्यात सहज विरघळणारा आणि कागदाला कमी चिकटणारा रंग पुढे जातो, दुसरा मागे रेंगाळतो. थोड्याच वेळात काळ्यातून निळा, जांभळा, तांबडा, पिवळा असे पट्टे निघतात. कोणते, ते शाईवर अवलंबून. पाणी 8 सेंटिमीटर चढले आणि निळा 6 चढला, तर 6 भागिले 8 म्हणजे 0.75 ही त्या रंगाची खूण. पट्टी काढताच पाण्याची हद्द पेन्सिलीने आखावी, वाळल्यावर ती दिसत नाही.

मिखाइल त्स्वेत या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या आरंभी खडूच्या भुकटीने भरलेल्या काचनळीतून पानातील रंगद्रव्ये अशीच वेगळी केली. गंमत अशी की रशियन भाषेत 'त्स्वेत' म्हणजे रंगच! पुढे कागदावरील रीत 1944 साली प्रसिद्ध झाली, आणि या विषयातील कामाबद्दल मार्टिन व सिंज यांना 1952 चे नोबेल मिळाले.

आता कागदपत्रांकडे वळू. बॉलपेनची शाई पाण्याने हलत नाही, तिला स्पिरिट लागते; ते स्टोव्हपासून दूर, मोठ्यांसमोरच वापरावे. दस्तऐवज तज्ज्ञ अक्षरातून टाचणीच्या टोकाएवढा नमुना घेऊन तपासतात. पट्टे वेगळे निघाले तर शाई वेगळी, हे नक्की. सारखे निघाले तर पेन तेच असे मात्र सिद्ध होत नाही, कारण एकाच शाईची हजारो पेने बाजारात असतात. घरच्या खऱ्या पावतीवर हा प्रयोग कदापि करू नये. झेरॉक्स प्रतीत मूळ शाई नसतेच, त्यामुळे तिच्यावर ही तपासणी होत नाही. म्हणून कोणी कागद मागितला तर प्रत द्यावी, मूळ कागद घरीच ठेवावा.