चिप कारखान्यातले वापरलेले आम्ल

प्रश्न : चिप बनवताना वापरलेली आम्ले शेवटी जातात कुठे? त्यांचा पुन्हा काही उपयोग होतो का?

उत्तर : होतो, आणि तैवानमध्ये हे काम औद्योगिक प्रमाणावर चालते. वेफर, म्हणजे चिपच्या सिलिकॉनच्या चकत्या, धुऊन बाहेर पडणाऱ्या सल्फ्युरिक आम्लात मुख्यतः पाणी आणि हायड्रोजन पेरॉक्साइड मिसळलेले असते. पेरॉक्साइडचे विघटन केले, की ते आम्ल चिपसाठी नसले तरी इतर उद्योगांना चालते. त्यातच सांडपाण्यातला अमोनिया शोषून घेतला, तर अमोनियम सल्फेट मिळते.

मला अधिक काळजी वाटते ती हायड्रोफ्लोरिक आम्लाची. ते कातडीतून थेट हाडांपर्यंत पोचते. नेहमीच्या पद्धतीत चुना घालून फ्लोराइड खाली बसवतात. पण मग ओल्या गाळाचे ढीग साचतात. त्याऐवजी सोडियम आणि ॲल्युमिनियमचे क्षार मिसळून आम्लता नीट सांभाळली, तर क्रायोलाइटचे पांढरे कण तळाशी बसतात. ॲल्युमिनियमच्या भट्टीत ॲल्युमिना विरघळवायला हेच लागते. ग्रीनलंडमधली इव्हित्तूतची नैसर्गिक क्रायोलाइटची खाण तर १९८७ मध्येच बंद झाली. आता उद्योगाची भिस्त कृत्रिम क्रायोलाइटवर आहे.

खरी मेख नळांत आहे. सगळी आम्ले एकाच टाकीत गेली, की ती वेगळी करणे परवडत नाही. प्रत्येक यंत्राखालून प्रत्येक द्रवाचा निचरा स्वतंत्र हवा, तोही इमारतीच्या नकाशापासूनच. गुजरातमधल्या धोलेऱ्यात तैवानच्या पॉवरचिप कंपनीच्या सहकार्याने होणाऱ्या टाटांच्या चिप कारखान्यात असा स्वतंत्र निचरा असेल का, हा प्रश्न आपण आताच विचारायला हवा.