दिवसाउजेडीचे खेळ कुठे गेले?

प्रश्न : मुलाकडे न्यू जर्सीला राहून आले. शेजारच्या आजी रोज सकाळी अकराला ‘द प्राइस इज राइट’ लावून बसत आणि ‘आमच्या वेळची मजा आता नाही’ म्हणत. त्यांच्या तरुणपणचे ‘जेपर्डी’, ‘लेट्स मेक अ डील’ हे खेळ मुलाने इंटरनेटवर शोधले, पण हाती फारसे काही लागले नाही. त्याहून जुने चित्रपट मात्र हवे तितके मिळतात. असे का? आणि नुसते प्रश्न विचारणाऱ्या, बक्षिसे वाटणाऱ्या त्या सूत्रसंचालकांचा लोकांना एवढा लळा का?
— एक वाचक, सांगली

उत्तर : आजींच्या आठवणीतले बरेचसे भाग आता कुठेच नाहीत, कारण वाहिन्यांनी ते स्वतःच्या हातांनी पुसून टाकले.

चित्रपट फिल्मवर असत. एकदा वापरलेल्या फिल्मवर दुसरे काही चित्रित करता येत नाही, त्यामुळे रीळ कुठल्यातरी गोदामात पडून राहते आणि पुढे कुणाला तरी सापडते. व्हिडिओ टेप पुसून पुन्हा वापरता येते. अँपेक्स कंपनीचे टेपयंत्र १९५६ मध्ये आले. अमेरिकी वाहिन्यांना त्याची निकड होती ती वेळेच्या फरकापायी. न्यूयॉर्कला सकाळचे अकरा वाजतात तेव्हा कॅलिफोर्नियात आठच वाजलेले असतात. एकच कार्यक्रम दोन्हीकडे सोयीच्या वेळी दाखवायचा तर तो तीन तास धरून ठेवायला हवा. टेप आली ती एवढ्यासाठी. दोन इंच रुंद, तासाभराची ही टेप सुमारे ३०० डॉलरना पडे. काम झाले की पुसायची आणि पुन्हा यंत्रावर चढवायची, हाच शहाणपणा मानला जाई.

संध्याकाळच्या मालिका पुन्हा दाखवून पैसे मिळत, म्हणून त्या जपल्या गेल्या. दिवसाच्या खेळाचा कालचा भाग आज कोण पाहणार? उद्या नवा येणारच होता. ‘जेपर्डी’ एनबीसी वाहिनीवर ३० मार्च १९६४ ला सुरू झाला आणि जानेवारी १९७५ पर्यंत चालला. सूत्रसंचालक होते आर्ट फ्लेमिंग. पहिल्या फेरीतले प्रश्न १० ते ५० डॉलरचे. २,७०० हून अधिक भाग झाले, त्यांतले आज मोजकेच शिल्लक आहेत. रात्री लागणारा ‘व्हॉट्स माय लाइन’ पुष्कळ वाचला, कारण आपल्या कार्यक्रमाच्या फिल्मप्रती नष्ट केल्या जात आहेत हे कळल्यावर निर्माते गुडसन आणि टॉडमन यांनी त्या पदरचे पैसे घालून राखल्या. दिवसाच्या खेळांसाठी एवढी तोशीस क्वचितच कुणी घेतली. गृहिणींनी घरकाम करता करता पाहायचा कार्यक्रम, अशी त्याची किंमत आधीच ठरून गेली होती.

आता लळ्याविषयी. त्याचे मूळ काही अंशी १९५८ च्या घोटाळ्यात आहे. तोवर अमेरिकेत भल्यामोठ्या रकमांच्या प्रश्नमंजूषांची चलती होती. सीबीएस वाहिनीवर दिवसा लागणाऱ्या ‘डॉटो’मध्ये एका स्पर्धक बाईंच्या वहीत उत्तरे आधीच लिहिलेली सापडली आणि त्या ऑगस्टमध्ये कार्यक्रम तडकाफडकी बंद झाला. पाठोपाठ ‘ट्वेंटी-वन’ची पोल खुलली. चौकशा झाल्या आणि १९६० मध्ये अशी लबाडी हा कायद्याने गुन्हा ठरला. मोठ्या रकमांवरचा लोकांचा विश्वास उडाला. दिवसाच्या खेळांत मुळातच पैसा थोडा, बक्षीस म्हणजे फ्रिज नाहीतर सोफा, तोही बहुधा नाव पुकारण्याच्या बदल्यात कंपनीने दिलेला. प्रेक्षकाला धरून ठेवायला उरला एकच माणूस, सूत्रसंचालक. तो आठवड्यातून पाच दिवस त्याच वेळी येई, नवख्या स्पर्धकाची भीती घालवी, हरलेल्याला हसतमुखाने निरोप देई. नवरा कामावर आणि मुले शाळेत असताना घरात ऐकू येणारा मोठ्या माणसाचा आवाज अनेकींसाठी तेवढाच होता.

या मंडळींचे कसबही कमी नव्हते. ‘द प्राइस इज राइट’ १९५६ मध्ये सुरू झाला तो बिल कलेन यांच्यासोबत. लहानपणी झालेल्या पोलिओमुळे ते लंगडत, पण रंगमंचाची मांडणी अशी केलेली असे की त्यांचे चालणे क्वचितच दिसावे. बहुतेक प्रेक्षकांना त्याचा पत्ता नव्हता. बॉब बार्कर यांनी हाच खेळ १९७२ पासून २००७ पर्यंत, म्हणजे ३५ वर्षे चालवला. प्राणिमित्र असल्यामुळे बक्षिसांत फरकोट ठेवायला त्यांनी नकार दिला आणि पुढे प्रत्येक भागाच्या शेवटी, पाळीव कुत्र्या-मांजरांची नसबंदी करून घ्या, असे ते आवर्जून सांगत. ऑगस्ट २०२३ मध्ये, वयाच्या ९९ व्या वर्षी ते गेले.

तिसरे नाव मॉन्टी हॉल यांचे. त्यांच्या ‘लेट्स मेक अ डील’मध्ये (१९६३ पासून) चित्रविचित्र वेष करून आलेले प्रेक्षक हातातले बक्षीस ठेवायचे की पडद्यामागचे घ्यायचे, या पेचात सापडत. त्यावरून गणितात त्यांच्या नावाचे कोडेच रूढ झाले. तीन दारे, एकामागे मोटार, दोहोंमागे बोकड. तुम्ही एक दार निवडता. मोटार कुठे आहे हे ठाऊक असलेला सूत्रसंचालक उरलेल्या दोहोंपैकी बोकडाचे दार उघडतो आणि विचारतो, बदलायचे का? बदलावे. न बदलल्यास जिंकण्याची शक्यता एक तृतीयांश, बदलल्यास दोन तृतीयांश. प्रत्यक्ष कार्यक्रमात मात्र दार बदलण्याची अशी संधी देणे हॉल यांच्यावर बंधनकारक नव्हते. स्पर्धकाचा चेहरा वाचून त्याला झुलवत ठेवणे ही त्यांची खरी कला होती.

आजींचे सगळेच म्हणणे मान्य करायला नको. त्याच काळात ‘क्वीन फॉर अ डे’ हाही दिवसाचाच लाडका कार्यक्रम होता. त्यात बायका आपापली दुःखे सांगत आणि जिच्यासाठी टाळ्यांचा काटा सर्वांत वर जाई ती ‘राणी’ ठरे. बाकीच्या आपले दुःख घेऊन घरी परतत. टेपच नसल्या की आठवणीला हटकायला कुणी उरत नाही, आणि जुना काळ होता त्याहून गोड वाटू लागतो.

हे सूत्र आपल्यालाही अनोळखी नाही. अमन वर्मांचा ‘खुल जा सिम सिम’ हे ‘लेट्स मेक अ डील’चेच हिंदी रूप होते. ‘होम मिनिस्टर’ तर आपल्या घरचाच. २००४ पासून आदेश बांदेकर घरोघरी गेले. खेळ साधे, बक्षीस पैठणीचे, तरी लोकांनी त्यांना ‘भावोजी’ केले. लळा लागतो तो रोज येणाऱ्या माणसाचा. बक्षीस किती रुपयांचे, हा प्रश्न त्यानंतरचा.

तेव्हा माळ्यावर दूरदर्शनच्या जुन्या कार्यक्रमांच्या व्हीएचएस कॅसेट पडून असतील तर रद्दीत देऊ नका. आपल्या दमट हवेत चुंबकीय टेपला बुरशी लवकर धरते. वेळीच डिजिटल प्रत करून घ्या आणि तिच्यावर कार्यक्रमाचे नाव आणि तारीख लिहून ठेवा.