बाटली बुडते, झाकण तरंगते

सख्यांनो, पावसाळ्यात सरपण ओलं असलं की चूल पेटवायला आपण पटकन प्लॅस्टिकची पिशवी नाहीतर बाटली घालतो. चूल पेटते, पण तो काळा धूर आधी आपल्याच छातीत जातो आणि मग शेजारी बसलेल्या लेकराच्या. "प्लॅस्टिकपासून तेल निघतं म्हणे, मग जाळलं तर काय बिघडलं?" असा प्रश्न पडतो. तो नीट समजून घेऊ.

तेल कसं निघतं?

जाळणं वेगळं, तेल काढणं वेगळं. कारखान्यात प्लॅस्टिक बंद भांड्यात, हवा लागू न देता, साधारण ४०० ते ५०० अंशांपर्यंत तापवतात. हवा नसल्याने ते पेटत नाही, त्याची वाफ होते. वाफ थंड केली की तेल मिळतं. देहरादूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेत २०१९ साली असा प्रकल्प सुरू झाला. रोज १ टन प्लॅस्टिकपासून सुमारे ८०० लिटर डिझेल, अशी त्याची क्षमता सांगितली गेली.

मग पाण्याची बाटली?

तिची वाट वेगळी. बाटलीच्या तळाशी त्रिकोणात १ आकडा असतो. हे 'पेट' प्लॅस्टिक. त्यातून तेल कमी निघतं आणि तयार होणारी आम्लं नळ्यांत साचतात. म्हणून ते ग्लायकॉल नावाच्या रसायनाबरोबर तापवून त्याचे मूळ घटक सुटे करतात. त्यांपासून पुन्हा बाटली किंवा कापडाचा धागा होतो. झाकण आणि दुधाची पिशवी मात्र तेलाला चालते.

करून पाहा

बाटलीचा आणि झाकणाचा एकेक तुकडा कापून बादलीभर पाण्यात टाका. बाटलीचा तुकडा बुडेल, झाकणाचा तरंगेल. दोन्ही प्लॅस्टिकच, पण जात वेगळी!

सांभाळा

घरी पिंपात प्लॅस्टिक तापवून तेल काढायला कुणीही जाऊ नये. ती वाफ भडका घेते.

आपलं काम

आपलं काम निवडण्याचं. बाटल्या धुऊन, वाळवून, चेपून एका पोत्यात. झाकणं दुसऱ्या पोत्यात. एकटीच्या चार बाटल्यांना भंगारवाला विचारत नाही, पण साऱ्या गटांचा माल एकत्र झाला तर ग्रामसंघाला भाव ठरवता येतो.

सभेत ठरवा: पोती कुठे ठेवायची, वजन कोण लिहिणार आणि चूल पेटवायला प्लॅस्टिकऐवजी काय वापरायचं?